बाटलीत काय आहे ते सांगा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात इमारतीचा जिना चढून जा. दारे बंद असली तरी कोणाकडे आवराआवर झाली आहे ते नाकाला कळते. पाइनचा, लिंबाचा, लव्हेंडरचा, नाहीतर सरळसरळ डांबराचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो. वास आला म्हणजे घर स्वच्छ झाले, ही आपली समजूत. ती इतकी पक्की की फरशीला वास आला नाही तर ‘आज नुसते पाणीच फिरवलेत का?’ असे कामाच्या मावशींना ऐकावे लागते. या समजुतीवर मोठा बाजार उभा आहे. त्या बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्यांमध्ये नेमके काय आहे, हे विकत घेणाऱ्याला कळण्याची सोय नाही. ज्यांच्या अंगावर त्याचे परिणाम सर्वांत आधी उमटतात, त्यांना तर बोलताही येत नाही. म्हणून ही धोक्याची घंटा वाजवणे आम्हाला भाग आहे.

आपल्या घरात फरशी ही नुसती चालण्याची जागा नसते. चपला उंबऱ्याबाहेर राहतात. भाजी खाली बसून निवडली जाते, सणाला पंगत जमिनीवर बसते, उन्हाळ्याच्या दुपारी शहाबादी फरशीवर उघड्या अंगाने लवंडण्यासारखे सुख नाही, आणि रांगते मूल तर खाली सांडलेला चुरमुरा वेचून तोंडात घालत फिरत असते. पुसल्यावर पाणी वाळते, पण त्यातले सगळेच काही उडून जात नाही. जो थर मागे राहतो तो कोणाच्या तरी कातडीला लागतो. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर तो थर थेट पोटात जातो. मांजर जागेपणीचा बराच वेळ स्वतःला चाटून साफ करण्यात घालवते. ओल्या लादीवरून गेलेले मांजर थोड्याच वेळात कोपऱ्यात बसून पंजे चाटू लागते. आपण पायाखाली घालतो ते त्याच्या जिभेवर येते.

आणि इथे मांजराच्या शरीराची एक मोठी अडचण आहे. माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत फिनॉल जातीच्या रसायनांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडते, ती पाण्यात विरघळण्याजोगी करते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. या कामातले एक कळीचे विकर ज्या जनुकापासून बनते, तो यूजीटी१ए६ नावाचा जनुक मांजरात निकामी झालेला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे दाखवून दिले. पुढे सिंह, चित्ता अशा मार्जारकुळातल्या इतर प्राण्यांतही तेच आढळले. निव्वळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींमधली विषारी द्रव्ये पचवून टाकण्याची गरजच पडली नाही, म्हणून ही यंत्रणा गळून गेली असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने.

आता फिनाईलची बाटली पाहा. काळे फिनाईल दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या आम्लांपासून बनते. क्रेसॉल, झायलेनॉल ही त्यातली नावे, आणि ही सगळी फिनॉलचीच भावंडे. पाण्यात ओतल्यावर दुधासारखे होणारे पांढरे फिनाईल बहुधा पाइन तेलाचे असते. ते काळ्याइतके जहाल नाही, पण पाइन तेलही मांजराच्या यकृताला झेपत नाही. घरोघरी दाढीनंतर, जखमेवर आणि लहान मुलांच्या आंघोळीच्या पाण्यात टाकले जाणारे ते तपकिरी अँटिसेप्टिक घ्या. त्यातले क्लोरोझायलेनॉल हेसुद्धा फिनॉलच. मांजराला पिसवा झाल्या म्हणून त्याच पाण्याने त्याला आंघोळ घालण्याचा सल्ला शेजारपाजारून सर्रास मिळतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात मायाच असते. परिणाम मात्र असा की तोंडाला फेस, जिभेवर आणि हिरड्यांवर फोड, थरथर, झोकांड्या, धाप. घरच्यांना वाटते, काहीतरी उष्टे-खरकटे खाल्ले असेल.

सध्या दुकानात फिनाईलची जागा रंगीत, सुवासिक ‘फ्लोअर क्लीनर’ घेत आहेत. त्यातल्या पुष्कळांत बेन्झाल्कोनियम क्लोराईड किंवा त्याच्या जातीचे द्रव्य असते. झाकणभर बादलीभर पाण्यात टाकले आणि फरशी नीट वाळू दिली तर माणसाला सहसा त्रास होत नाही. पण झाकणाने मोजतो कोण? जास्त घातले की जास्त स्वच्छ, या हिशोबाने बाटली भसाभस उपडी केली जाते. या द्रव्याचे दाट पाणी मांजराच्या जिभेला अक्षरशः भाजते. माशांच्या टाकीत त्याचे थोडे थेंब गेले तरी मासे तग धरत नाहीत. गॅलरीतल्या पिंजऱ्यातले बजरीगर तर हवेतूनच विष घेतात. पक्ष्याच्या फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, मागेपुढे हवेच्या पिशव्या असतात आणि प्राणवायू शोषण्याची ही रचना आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम आहे. प्राणवायू ज्या झपाट्याने रक्तात जातो, त्याच झपाट्याने फवारलेला स्प्रेही.

‘आम्ही केमिकल वापरतच नाही, सगळे नैसर्गिक’ असे सांगणारा एक सुशिक्षित वर्ग आता तयार झाला आहे. त्याचे कौतुक करण्याआधी थोडे थांबले पाहिजे. टी-ट्री, निलगिरी, संत्र्या-लिंबाच्या सालीचे तेल, सिट्रोनेला ही सगळी झाडाची देणगी, आणि मांजराच्या दृष्टीने यातले जवळपास सगळेच वाईट. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, प्राण्यांनाही. लिंबाच्या सालीतले लिमोनीन आणि पाइनमधली टर्पिने हवेतल्या ओझोनशी संयोग पावतात आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात, हे वायुप्रदूषणाच्या अभ्यासकांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. गूळ आणि संत्र्याच्या साली कुजवून केलेले बायोएन्झाइम घरोघरी डब्यांत मुरत पडलेले असते. ते आम्लधर्मी आहे. भरपूर पाण्यात घालून सिंक किंवा कमोड धुवायला चांगले, पण संगमरवर आणि कोट्याच्या फरशीची चकाकी घालवते. हर्बल म्हणजे निर्धोक हे समीकरण बाजाराने आपल्या गळी उतरवले आहे. विसरू नये की डांबरही मुळात झाडांचेच. फार पूर्वी गाडल्या गेलेल्या.

त्याहून तातडीचा धोका मोरीत आणि संडासात आहे. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने टाइल्सवर पांढरी पुटे चढतात. ती काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागते, हे शहरांत सर्वांना पाठ झाले आहे. ते झाले की पिवळेपणा जावा म्हणून त्यावरच ब्लीच ओतले जाते. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने फ्रेंच फौजांवर सोडला होता. चार बाय सहाच्या, खिडकी नसलेल्या मोरीत तो कोंडला की काय होईल, याचा विचार स्वच्छतेच्या उत्साहात होत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळले तरी तेच होते. घरगुती उपायांच्या चित्रफितींमधून हे मिश्रण ‘जबरदस्त’ म्हणून खपवले जाते, तेव्हा ते पाहणाऱ्यांत दम्याचे रुग्णही असतात. मांजराच्या मातीच्या ट्रेवर किंवा कुत्र्याने मुतलेल्या कोपऱ्यावर ब्लीच ओतले तर लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइनची वाफ उठते. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो. ज्या प्राण्यासाठी हा सारा खटाटोप, तो त्याच ट्रेमध्ये तोंड घालून माती उकरतो.

आता माणसांकडे वळू. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपभरातल्या सहा हजारांहून जास्त लोकांची फुफ्फुसे सुमारे वीस वर्षांच्या काळात वेळोवेळी तपासली गेली होती. घरी किंवा नोकरीत नियमित साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची फुफ्फुसाची ताकद, ते काम न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली आढळली. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. अर्थात त्या पाहणीत साफसफाई करणारे पुरुष मुळात थोडेच होते. साफसफाईचा हा धोका एकट्या युरोपचा आहे असेही समजू नये. कॅनडात जन्मापासून मुलांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासाने २०२० साली दाखवले की पहिल्या काही महिन्यांत ज्या घरांत साफसफाईची रसायने जास्त वापरली जात होती, तिथल्या मुलांत तिसऱ्या वर्षापर्यंत दम्याचे प्रमाण अधिक होते.

मग उरतात ती माणसे, ज्यांना वासानेच त्रास होतो. लिफ्टमध्ये कोणी रूम फ्रेशनर मारला की ज्यांचे डोके उठते, कार्यालयाच्या बाथरूममधून आल्यावर ज्यांना खोकल्याची उबळ थांबत नाही, ज्यांच्या मायग्रेनची सुरुवातच फरशी पुसण्याच्या वेळेला होते, अशी माणसे आपल्या सर्वांच्या ओळखीत आहेत. अमेरिकेत २०१६ साली झालेल्या सर्वेक्षणात जवळपास एक तृतीयांश लोकांनी सुवासिक उत्पादनांमुळे काही ना काही शारीरिक त्रास होतो, असे सांगितले. या त्रासाचे नाव काय आणि त्यामागची यंत्रणा कोणती, यावर वैद्यकात खरोखरच मतभेद आहेत. दमा आणि ॲलर्जी मोजता येते. ‘रासायनिक संवेदनशीलता’ म्हणून जे ओळखले जाते त्याची खात्रीची चाचणी नाही. पण चाचणी नाही म्हणून त्रासही नाही, असे म्हणणारा डॉक्टर आळशी म्हणावा लागेल. घरात तर याहून वाईट. सासरी नव्याने आलेल्या मुलीला फिनाईलच्या वासाने मळमळले तर ‘नाटके’ हा शब्द पहिला येतो. म्हाताऱ्या आजोबांना धाप लागली तर वयाकडे बोट दाखवले जाते. बाटलीकडे कोणी पाहत नाही.

आणि सर्वांत कमी बोलले जाते ते कामाच्या मावशींबद्दल. घरची बाई दिवसातून एकदा बादलीत हात घालते. मावशी एका सकाळी चार घरांच्या चार वेगळ्या बादल्यांत. हातमोजे क्वचित, पायात काही नाही, कारण चप्पल घालून घरात येऊ दिले जात नाही. बोटांच्या बेचक्यांत भेगा, तळव्यांची सालपटे, संध्याकाळी छातीत घरघर. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, तो देशात पुढारलेला मानला गेला. त्या कामगारांच्या हातात रोज कोणते रसायन दिले जाते, हा प्रश्न मात्र कोणाच्याच अजेंड्यावर आला नाही. प्राण्यांना आणि संवेदनशील माणसांना जे सोसवत नाही ते मावशींना सोसते असे नव्हे. त्या ते सांगत नाहीत, एवढेच.

इतके गंभीर व्हायची गरज आहे का, असे कोणी विचारील. त्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावे. तिथे हिवाळ्यात हवा कोरडी पडते, म्हणून घरोघरी ह्युमिडिफायर लावतात. त्याच्या पाण्यात शेवाळ आणि जंतू वाढू नयेत यासाठी १९९४ पासून एक जंतुनाशक बाजारात आले आणि हळूहळू अनेक कंपन्यांनी ते विकायला घेतले. त्यातल्या सर्वांत घातक द्रव्याचे नाव पीएचएमजी. कातडीला लागले तर फारसे काही होत नाही, म्हणून ते सौम्य मानले गेलेले. लहान मुलांसाठीही निर्धोक, अशी जाहिरात झाली. वाफेतून ते थेट फुफ्फुसात गेल्यावर काय होईल, हे विक्रीआधी कोणी तपासलेच नव्हते. २०११ च्या वसंतात सोलमधल्या एका मोठ्या रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या तरुण स्त्रिया फुफ्फुसे निकामी होऊन एकामागून एक दाखल होऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. त्या ऑगस्टअखेर सरकारने कारण जाहीर केले. तोवर सतरा वर्षे ते विष विकले गेले होते. मृतांचा आकडा हजाराच्या पुढे गेला. सर्वाधिक खप असलेल्या कंपनीने जाहीर माफी मागितली ती २०१६ मध्ये, आणि तिच्या माजी प्रमुखाला तुरुंगवास झाला. घर स्वच्छ ठेवू पाहणाऱ्या आयांनी आपल्याच बाळांच्या खोलीत ते यंत्र लावले होते. एखादे द्रव्य पुसायला ठीक असले म्हणून फवारायलाही ठीक असते, असे नाही, हे कोरियाने जगाला दाखवले. तरीही आपल्याकडे खोली ‘सॅनिटाइझ’ करणारे फॉगर आणि जंतुनाशक स्प्रे कोणी काही न विचारता विकले जात आहेत.

कोविडच्या काळात आपणही कमी केले नाही. ३० मार्च २०२० रोजी बरेलीत घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर सोडियम हायपोक्लोराईट फवारले गेले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्ये स्वतंत्र सूचना काढून सांगावे लागले की माणसांवर जंतुनाशक फवारू नका. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या दारात बसवलेले ते फवाऱ्याचे बोगदे आठवतात का? त्या दिवसांत कुत्र्यांचे पंजे सॅनिटायझरने पुसण्याची जी सवय लागली, ती काही घरांत अजून टिकून आहे.

मग कायदा काय करतो? गंमत अशी की तो अगदीच गप्प नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या ‘ओ’ अनुसूचीत जंतुनाशक द्रवांची मानके लिहिलेली आहेत; काळा द्रव, पांढरा द्रव, त्यांची जंतू मारण्याची ताकद, सगळे आहे. भारतीय मानक ब्युरोचेही फिनाईलसाठी वेगळे मानक आहे. पण ही मानके मुख्यतः एकच प्रश्न विचारतात: जंतू मरतात का? मांजर, मूल, मावशी यांचे काय होते, हा त्यांचा विषय नाही. आणि ज्या सुवासिक बाटल्या स्वतःला केवळ ‘क्लीनर’ म्हणवतात त्यांच्यावर वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार निर्मात्याचे नाव, पत्ता, वजन-माप, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीचा क्रमांक छापला की काम भागते. आत काय आहे त्याची संपूर्ण यादी देण्याचे बंधन नाही. बिस्किटाच्या पुड्यावर, तोंडाला लावायच्या क्रीमवर घटकांची यादी असते. पंगतीखालच्या फरशीला फासायच्या द्रवावर नसते.

तुलनेसाठी कीटकनाशकाचा डबा पाहा. १९६८ च्या कायद्यामुळे त्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असा विषाचा दर्जा दाखवणारा रंगीत चौकोन असतो. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही लाल म्हणजे काय ते कळते. डास मारायच्या द्रवाला हा नियम आहे, फरशी पुसायच्या द्रवाला नाही. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून साफसफाईच्या उत्पादनांतले घटक आधी संकेतस्थळावर आणि मग वेष्टनावर जाहीर करणे सक्तीचे केले. युरोपीय संघाच्या २००४ च्या डिटर्जंट नियमांनुसार ॲलर्जी आणणारी सुगंधी द्रव्ये ठरावीक प्रमाणापलीकडे असली तर नावानिशी सांगावी लागतात, आणि डॉक्टरने मागितले तर संपूर्ण यादी द्यावी लागते. बहुराष्ट्रीय कंपन्या तिथे हे सगळे निमूटपणे करतात. इथे त्यांच्याच बाटलीवर ‘परफ्यूम’ या एका शब्दात हवे तितके रेणू दडवता येतात, कारण इथे कोणी मागत नाही.

वेष्टनावरची ‘इको’, ‘ग्रीन’ ही बिरुदे वापरायची तर पुरावा द्या, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बजावले आहे. ते चांगलेच झाले. पण ‘पेट-सेफ’ या शब्दांना आपल्याकडे अजून कायदेशीर अर्थच नाही. बाटलीवर झुबकेदार मांजराचे चित्र काढायला कोणाची परवानगी लागत नाही. १९९१ पासून सरकारची इकोमार्क नावाची योजना आहे, तिचे चिन्ह मातीचे मडके. साबण आणि डिटर्जंट तिच्यात सुरुवातीपासून आहेत. वाचकांपैकी किती जणांनी ते मडके एखाद्या बाटलीवर पाहिले आहे?

ब्रँडची ही कथा, तर सुट्या मालाची त्याहून वाईट. ‘फिनाईल, ॲसिड’ अशी आरोळी ठोकत गल्लीतून फिरणाऱ्या हातगाडीवर पाण्याच्या आणि शीतपेयांच्या जुन्या बाटल्यांत भरलेला माल असतो. ना नाव, ना प्रमाण, ना झाकणावर कुलूप. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. विकत घेणाऱ्याची ओळख तपासा, नोंद ठेवा, अठरा वर्षांखालच्यांना देऊ नका. ॲसिडहल्ल्याच्या खटल्यातून आलेला तो आदेश होता. हातगाडीवाल्याकडे ती वही कोणी पाहिली आहे? त्याच्या पोटावर पाय आणावा असे आम्ही म्हणत नाही. तोही हे द्रव उघड्या हाताने बाटल्यांत ओततो. त्याला जिथून माल मिळतो ते कारखाने शोधणे अवघड नाही. आणि मुले शीतपेय समजून ही बाटली तोंडाला लावतात, हे कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागाला विचारा.

आता कोणी म्हणेल, मग काय घाण राहू द्यायची? पावसाळ्यात लेप्टो आहे, घरात आजारी माणूस आहे. मान्य. जंतुनाशकाला त्याची जागा आहे. कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो झाला तर विष्ठा नीट उचलून, जागा साबणाने धुऊन, मग सुमारे तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटे ओले ठेवावेच लागते, कारण सुगंधी फ्लोअर क्लीनरमधल्या नेहमीच्या द्रव्यांना हा विषाणू दाद देत नाही. प्राण्याला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवायचे, नंतर साध्या पाण्याने पुसायचे. हा झाला प्रसंग. रोजच्या फरशीला प्रसंग म्हणत नाहीत. तिला बिनवासाच्या साबणाचे चमचाभर द्रावण आणि पुरेसे पाणी पुष्कळ झाले. घाण निघाली की तिच्याबरोबर बहुतेक जंतूही निघतात. जड पाण्याच्या डागांना किराणा दुकानातले लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून लावावे आणि थोडा वेळ ठेवावे. सिंकला खाण्याचा सोडा चालतो. धुण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ, तो कातडी आणि पंजे भाजतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसणारी जी गंमत दाखवली जाते, त्यात दोघे एकमेकांना मारतात आणि हाती उरते ते जवळजवळ खारट पाणी. कपाटातल्या आणि बेसिनमधल्या डांबराच्या गोळ्या मात्र आजच काढाव्यात: जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसाच्या, विशेषतः नवजात बाळाच्या, तांबड्या पेशी नॅफ्थॅलीनच्या वाफेने फुटतात, आणि ही कमतरता भारतात दुर्मीळ नाही.

अपघात झालाच तर उलटी करवू नये. जे द्रव जाताना भाजते ते येतानाही भाजते. पंजे, अंग, तोंड भरपूर पाण्याने धुवावे, दूध-तूप बळेच पाजू नये, आणि बाटली बरोबर घेऊन डॉक्टर किंवा पशुवैद्याकडे जावे. माणसांसाठी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो. पण तिथेही पहिला प्रश्न तोच येतो: बाटलीत काय होते? त्याचे उत्तर ना घरच्यांकडे असते, ना दुकानदाराकडे, ना वेष्टनावर.

ते उत्तर छापायला लावणे हे केंद्राचे काम आहे, आणि त्यासाठी राज्याने आग्रह धरलाच पाहिजे. पण मुंबईला स्वतःच्या हातून करण्याजोगेही बरेच आहे. अन्न व औषध प्रशासन मिठाईच्या खव्याचे नमुने दिवाळीआधी घेते, तसे सुट्या फिनाईलचे घ्यावेत आणि ते बनवणाऱ्यांची नावे जाहीर करावीत. घरेलू कामगार मंडळाने हातमोजे आणि एक पानी सूचनापत्र नोंदणीबरोबर द्यावे. गृहनिर्माण संस्थांनी जिने-लिफ्टसाठी बिनवासाचे द्रव वापरण्याचा ठराव वार्षिक सभेत आणावा, आणि पुसण्याची वेळ फलकावर लिहावी म्हणजे दम्याच्या माणसाला आणि मांजराच्या मालकाला दार लावून घेता येईल. राज्य सरकार तर या बाजारातले मोठे गिऱ्हाईक आहे. रुग्णालये, वसतिगृहे, एसटीची बसस्थानके, आश्रमशाळा यांसाठी फिनाईल आणि क्लीनर निविदा काढून घेतले जातात. पूर्ण घटकयादी वेष्टनावर छापणाऱ्याचाच माल घेऊ, ही एक ओळ पुढच्या निविदेत घालता येते. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.